परीक्षा यंत्राची, आपली नव्हे



आज आम्ही मोबाईलविषयी बोलणार आहोत. तो कसा वापरावा, हे तुम्ही वर्गात शिकताच. तो वापरायला सोपा कसा करतात, आणि त्या कामी तुमचा केवढा उपयोग आहे, ते आज सांगतो.

पुण्यातल्या आमच्या साक्षरता वर्गाला एक मावशी येत. गाव मुळशीकडचे. पोटासाठी शहरात आलेल्या. चार घरची धुणीभांडी उरकून संध्याकाळी वर्गाला यायच्या. सहा महिन्यांत वाचायला शिकल्या. बसच्या पाट्या वाचू लागल्या. पण मोबाईलवरून गावी पैसे पाठवायचे झाले, की फोन दुकानातल्या पोराच्या हाती द्यायच्या. आपला गुप्त नंबरही त्याला सांगायच्या! आम्ही रागावलो. तेव्हा म्हणाल्या, "काय करू गुरुजी? मी पडले अडाणी. मला नाही जमायचं."

हे बोलणे आमच्या मनाला लागले. वाचता येते, लिहिता येते, मग अडाणी कशी?

पुढे आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो हिंजवडीला एका कंपनीत आहे. मोबाईलमध्ये जी ॲप असतात, ती तयार करण्याचे त्याचे काम. म्हणाला, "गुरुजी, दवाखान्यात नंबर लावायचं एक ॲप आम्ही करतोय. ते वापरून बघायला पाच माणसं द्या. नुकती वाचायला शिकलेली हवीत."

आम्ही विचारले, "अरे, तुमच्याकडे एवढे शिकलेले लोक आहेत. ही कशाला?"

तो म्हणाला, "आम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं. म्हणून कुठं अडतं ते आम्हाला दिसत नाही."

ह्या कामाला वापर-चाचणी म्हणतात. तिची रीत अशी. एका वेळी एकाच माणसाला बसवायचे. त्याला एक काम सांगायचे. काम करताना मनात जे येईल ते त्याने मोठ्याने बोलायचे. बाकीच्यांनी गप्प बसून पाहायचे. बोट कुठे थांबले, काय चुकले, वेळ किती लागला, हे टिपून ठेवायचे. जेकब नीलसन हे ह्या विद्येतले मोठे जाणकार. 2000 साली त्यांनी लिहिले, की पाचच माणसे बसवली तरी बहुतेक अडचणी कळून येतात. त्या दुरुस्त कराव्या, आणि पुन्हा नवी माणसे बसवावी.

मावशी बसल्या. हात कापत होता. आमचा विद्यार्थी म्हणाला, "मावशी, ही तुमची परीक्षा नाही. परीक्षा ह्या ॲपची आहे. अडलं तर चूक आमची."

मावशींनी नाव लिहिले. दिवस निवडला. मग खालच्या बटणापाशी बोट थांबले. बटणावर लिहिले होते, 'सबमिट'. मावशींनी ते नीट वाचले, "स-ब-मि-ट." आणि विचारले, "म्हणजे काय?"

आमचा हात पुढे गेला. मास्तरची सवय! विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, दाखवू नका. इथंच आम्हाला शिकायचंय."

त्या दिवशी पाचांपैकी चौघे त्याच बटणाशी अडले. आम्हाला शाळा आठवली. एका मुलाचे गणित चुकले, तर मुलाला समजावतो. पण सगळ्या वर्गाचे चुकले, तर आपण फळ्यावर काय लिहिले ते पुन्हा पाहावे लागते.

ही रीत काही आजची नाही. बटणे दाबायचा टेलिफोन अमेरिकेत 1963 साली बाजारात आला. त्याआधी तिथल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या करून पाहिल्या. माणसे बसवली, नंबर दाबायला लावले, वेळ आणि चुका मोजल्या. त्यातून ठरले, की 1, 2, 3 वरच्या ओळीत असावेत. आज घरी गेल्यावर आपल्या फोनचे आकडे पाहा. मग दुकानदाराचे हिशेबाचे यंत्र पाहा. त्यात वरच्या ओळीत 7, 8, 9 दिसतील!

आता आपल्या मराठीचे पाहू. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. आपली अक्षरे संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. अक्षरे आली खरी. पण मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर ती लिहायची कशी? मुंबईला पवई येथे आय.आय.टी. ही मोठी शिक्षणसंस्था आहे. तिथल्या प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी ह्यावर काम केले. लिहिण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा लोकांकडून वापरून घेऊन तपासल्या. 2013 साली त्यांनी 'स्वरचक्र' काढले. त्यात अक्षरे क, ख, ग, घ अशी आपल्या ओळखीच्या क्रमाने असतात. 'क' वर बोट ठेवले, की भोवती चक्र उमटते. त्यात का, कि, की, कु दिसतात. हवे तिकडे बोट सरकवायचे. म्हणजे तुम्ही पाटीवर गिरवलेली बाराखडीच ती! माणसाला जे येते, तिथून यंत्राने सुरुवात करावी, ती अशी.

महिन्याने विद्यार्थी पुन्हा आला. बटणावर आता लिहिले होते, 'नंबर लावा'. ह्या वेळी नवी पाच माणसे बसवली. चौघांचे काम झाले. एक आजोबा अडले. ते कुठे अडले, हे त्याने लिहून घेतले. मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांनीही एकदा फोन मागून घेतला आणि कोणाला न विचारता नंबर लावला. मग आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, बटणच अडाणी होतं की!"

मंडळी, आम्हीही काही फार शिकलेले नाही. मॅट्रिक झालो आणि मास्तर झालो. पण एवढे सांगतो. यंत्रापुढे अडलात, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. कुठे अडले, कोणता शब्द कळला नाही, ते मोठ्याने सांगा. बँकेत सांगा, कचेरीत सांगा, वर्गात सांगा. तुमचे अडणे कळले, तरच यंत्र सुधारेल. मदत जरूर मागा. पण गुप्त नंबर मात्र कोणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

मावशी आता पैसे स्वतः पाठवतात. वेळ लागतो. लागू दे.