दाट वस्तीतील छोटी उद्याने

(अधिकारी, शिक्षक आणि नगरपरिषद व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्यान म्हटले की विस्तीर्ण हिरवळ, रंगीत कारंजे आणि भव्य प्रवेशद्वार डोळ्यांसमोर उभे राहते. एवढी जागा दाट वस्तीत आणायची कोठून, असा प्रश्न मग साहजिकच निघतो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक, लहान सार्वजनिक जागेचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. गावातील वडापिंपळाचा पार म्हणजे दुसरे काय होते? एक झाड, त्याभोवती दगडी ओटा आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरील जागा, एवढ्यावर कित्येक पिढ्यांची विश्रांती, विचारविनिमय आणि मुलांचे खेळ चालले. वस्ती वाढली, घरे एकमेकांना भिडली, आणि पाराची जागा मात्र कोणी राखली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. शहरात एखादे मोठे उद्यान असले, तरी दोन खोल्यांच्या घरातील वृद्धेला किंवा पाच वर्षांच्या मुलाला रहदारीचे रस्ते ओलांडून तेथे रोज जाता येत नाही. त्यांच्यासाठी घरापासून चालत पाच मिनिटांवर असलेली दोन गुंठे जागा ही दूरच्या वीस एकरांहून अधिक मोलाची असते. म्हणून मोठ्या उद्यानांच्या जोडीला अशा चिमुकल्या उद्यानांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

या विचाराचे एक आद्य प्रवर्तक पॅट्रिक गेडिस यांचा मुंबईशी निकटचा संबंध होता. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्यापूर्वी स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत त्यांच्या सहकाऱ्यांनी पडीक तुकड्यांची पाहणी केली आणि त्यांतील काही तुकड्यांवर बागा फुलविल्या. या कामात त्यांची कन्या नोरा हिचा पुढाकार होता. भारतातील नगरांविषयी लिहिलेल्या अहवालांतही त्यांनी हेच तत्त्व मांडले. रुंद रस्त्यांसाठी घरांच्या ओळी पाडण्याऐवजी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी झाड लावावे आणि वस्तीला श्वास घेऊ द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम शहराने हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आचरणात आणले. तेथील नगरपालिकेच्या सेवेत असलेले तरुण वास्तुशिल्पज्ञ आल्डो व्हान आइक यांनी १९४७ मध्ये एका चौकात मुलांसाठी पहिले छोटे क्रीडांगण उभारले. वाळूचा हौद, त्याला बसता येईल असा रुंद काठ, काही लोखंडी दांड्या, उड्या मारण्यासाठी ठोकळे आणि भोवती झाडे व बाके, एवढाच सरंजाम. ते पाहून इतर वस्त्यांतील नागरिकांनी आपल्याकडेही तसे व्हावे म्हणून नगरपालिकेला पत्रे लिहिली. १९७८ पर्यंत अशी ७०० हून अधिक क्रीडांगणे झाली. रिकामे भूखंड, रस्त्यांचे कोपरे, दोन इमारतींमधील पोकळी अशा उपेक्षित जागा त्यासाठी उपयोगात आल्या. पुढे पुष्कळशा जागांवर इमारती आल्या, आणि मूळ रूपातील क्रीडांगणे आज थोडीच उरली आहेत. ज्या जागेला कायद्याचे संरक्षण नाही, ती लोकप्रिय असूनही टिकत नाही, हा यातील दुसरा धडा होय.

न्यूयॉर्कमधील पॅले पार्क हे तिसरे उदाहरण. गगनचुंबी इमारतींच्या मध्ये १९६७ मध्ये खुले झालेले हे खासगी मालकीचे पण सर्वांना मुक्त असलेले उद्यान ४२ फूट रुंद व १०० फूट लांब, म्हणजे चार गुंठ्यांहूनही कमी आहे. मागील भिंतीवर २० फूट उंचीवरून कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजात रहदारीचा गोंगाट विरून जातो. जवळजवळ लावलेल्या झाडांची विरळ सावली आहे, आणि खुर्च्या जमिनीत रोवलेल्या नसून कोणालाही हव्या तशा सरकविता येतात.

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधील अशा जागांचे चलच्चित्रण करून अनेक वर्षे निरीक्षण केले व १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोक तेथेच बसतात जेथे बसावयास जागा असते, हा त्यांचा निष्कर्ष वरवर पाहता अगदी साधा वाटतो. पण बाके नसलेल्या किंवा कठड्यावर कोणी बसू नये म्हणून खिळे ठोकलेल्या जागा पाहिल्या, म्हणजे त्याचे मर्म ध्यानी येते. स्त्रिया जेथे निःशंकपणे येऊन बसतात ती जागा यशस्वी समजावी, असेही त्यांना आढळले. टवाळखोरांच्या भीतीने जागा बंद ठेवली, तर सज्जनांचा वावर थांबतो आणि ज्यांची भीती असते तेच तेथे उरतात. इतर सर्वांना यावेसे वाटेल अशी जागा करणे, हाच त्यावरील उपाय होय.

या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान उद्यान लहान आहे म्हणून अपयशी ठरत नाही. ते अपयशी ठरते ते वाटेपासून दूर, कुलूपबंद आणि बेवारस असल्यामुळे.

आराखडा करताना म्हणूनच काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जागा लोकांच्या रोजच्या वाटेवर असावी आणि रस्त्यावरून आतील सर्व भाग दिसावा. उंच भिंत घालू नये. प्रवेश सपाट असावा. चढ द्यावाच लागला तर १२ फूट लांबीत १ फुटाहून अधिक नसावा, म्हणजे चाकाची खुर्चीही आत येऊ शकेल. बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवावी आणि वृद्धांसाठी काही बाकांना पाठ व हात असावेत. काळी कडाप्पा फरशी उन्हात चटके देते, म्हणून बैठक सावलीतच हवी.

झाडांची निवड विचारपूर्वक करावी. बहावा फुलतो सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पाने झडलेली असतात. करंज व कडुनिंब यांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटते, आणि बकुळ वर्षभर हिरवी राहते. वड व पिंपळ कितीही पूज्य असले, तरी दोन भिंतींमधील अरुंद जागेत त्यांची मुळे घरांच्या पायाला धोका पोहोचवितात. शेकडो पावलांखाली हिरवळ टिकत नाही, शिवाय तिला पाणीही भरपूर लागते. त्यापेक्षा दाबलेला मुरूम किंवा सांधे मोकळे ठेवलेली फरसबंदी बरी. पावसाचे पाणी त्यातून जमिनीत मुरते.

कायद्याचे पाठबळही उपलब्ध आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा समावेश नगरपालिकांच्या विषयांत केला, तर ७३ व्या दुरुस्तीनुसार सामुदायिक मत्तांची देखभाल हा पंचायतींचा विषय झाला. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ कोणीही विसरू नये. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला सूचना देता येते आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नकाशावरील हिरवा रंग अशा रीतीने पुसला जातो, आणि एकदा इमारत उभी राहिली की ती जागा पुन्हा मिळत नाही. जागा ताब्यात असूनही ओस पडली, तर तेथे प्रथम कचरा येतो आणि मागोमाग अतिक्रमण.

यास्तव सुरुवात खर्चाने नव्हे, यादीने करावी. प्रभागातील वा गावठाणातील प्रत्येक मोकळा तुकडा, त्याचे क्षेत्रफळ, मालकी आणि आरक्षणाची तारीख यांची नोंद कार्यालयाने घ्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसराचा नकाशा काढून घ्यावा. मुले कोठे खेळतात, वृद्ध कोठे टेकतात आणि सावली कोठे नाही, हे मुलांना चांगले ठाऊक असते. सदस्यांनी ती यादी व तो नकाशा प्रभागातील नागरिकांच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत मांडून पहिली एक जागा निवडावी. त्याच बैठकीत झाडलोट कोण करणार, पाणी कोण घालणार आणि मोडलेले बाक कोणाच्या खर्चाने दुरुस्त होणार, याचा निर्णय लेखी व्हावा. हा निर्णय झाल्याखेरीज कोनशिला बसवू नये.