अल्सर भरणे आणि अल्सर बरा होणे
(मुदखेड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मॅट्रिक होऊन आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु लहान आतड्याच्या आरंभी पडणाऱ्या व्रणाने, म्हणजे अल्सरने, आम्हांस अनेक वर्षे छळले. अपरात्री पोटात आग पडे. मातोश्री उठून दूध देत. घटकाभर बरे वाटे. पुढे कळले की, दुधाने आम्ल उलट अधिक पाझरते!

सन 1976 मध्ये सिमेटिडीन हे औषध आले. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यामागून रॅनिटिडीन आले. त्याने चार आठवड्यांत दहांपैकी सात-आठ रोग्यांचे व्रण भरत. ओमेप्राझोलने नऊ भरू लागले. पहिले औषध आम्लाला मिळणारा एक इशारा अडविते; दुसरे आम्ल उपसणारा पंपच बंद करते. फरक एवढाच. गोळी थांबली की वर्षाच्या आत निम्म्याहून अधिकांचे व्रण पुन्हा उमटत. आमचा तीनदा उमटला.

मूळ कारण 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरेन आणि मार्शल यांना गवसले: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि जठराच्या दाहाने आजारी पडले. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत दोन प्रतिजैविके साधारण चौदा दिवस घेऊन जंतू नष्ट झाला, तर दहांत एखाद्याचाच व्रण परततो. मात्र अलीकडे काही जंतू या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून नंतर श्वासाची वा शौचाची तपासणी करून खात्री करावी लागते.

गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनीही असा व्रण पडतो, हे शेतात राबणाऱ्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. शौच डांबरासारखे काळे झाले, तर सकाळची वाट न पाहता नांदेड गाठावे.

आमच्या धाकट्या बंधूंनी तोंड कडू होते म्हणून पाचव्या दिवशीच गोळ्या सोडल्या. दुखणे थांबलेच होते. पुढच्या पावसाळ्यात रक्ताची उलटी झाली. त्या रात्री नांदेडला त्यांना तीन बाटल्या रक्त याच मंडळाच्या तरुणांनी दिले; त्यांतील दोघे समोर बसले आहेत. नंतर डॉक्टरांनी औषधे बदलून पुन्हा चौदा दिवस दिली. या खेपेस आमच्या भावजयींनी रोज रात्री गोळ्यांची रिकामी पाकिटे मोजून डब्यात ठेविली.