गोडसे भटजींचा प्रवास

(रात्रीच्या वर्गात दिलेले भाषण)

मंडळी, मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एका मावशींनी मला विचारले, "गुरुजी, अक्षरे तर लागली. आता वाचायचे काय? काही पैशाअडक्याचे सांगा, काही मुलखाचे सांगा." म्हणून आज मी दोन्हींची मिळून एकच हकीकत आणली आहे. ही हकीकत घडलेली आहे. ज्याच्या अंगावरून ती गेली, त्यानेच ती लिहून ठेवली आहे.

रायगड जिल्ह्यात पेण तालुका आहे. त्या तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथे विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक राहत असत. त्यांचा जन्म १८२७ सालचा. भिक्षुक म्हणजे लोकांच्या घरी पूजाअर्चा सांगायची, मिळेल ती दक्षिणा घ्यायची आणि तिच्यावर घर चालवायचे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तोकडी. त्यातच घरात लग्नकार्ये झाली आणि डोक्यावर कर्ज बसले. लग्न आणि कर्ज यांची सोयरीक आपल्याला काही नवी नाही. तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

अशात १८५७ साल उजाडले. बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत. त्यात लाखो रुपये खर्च होणार, भिक्षुकांना चांगली दक्षिणा मिळणार. विष्णुभटजींच्या मनाने घेतले, की आपण जावे, चार पैसे मिळवावे आणि घरचे देणे फेडावे. काशीयात्रा घडावी, गंगा आणावी आणि आईबापांना तिने स्नान घालावे, हीही इच्छा होतीच. वडील मात्र राजी होईनात. मुलूख परका, वाट लांबची. शिवाय उत्तरेकडे भांग फार पितात, पोरगा तिकडे बिघडेल, ही त्यांची भीती. बापाचे मन ते! आजही पोरगा मुंबईला निघाला तर आपण हेच बोलतो, फक्त भांगेच्या जागी दुसरे नाव घेतो. शेवटी त्यांचे काका रामभट बरोबर जायला निघाले, तेव्हा कुठे घरातून होकार मिळाला.

आता त्या वेळचा प्रवास कसा होता, ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे आगगाडी १८५३ साली सुरू झाली, ती मुंबईहून ठाण्यापर्यंत. १८५६ साली ती खोपोलीपर्यंत आली. घाट चढून सरळ पुण्याला जायला मात्र १८६३ साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्या भटजींना घाट पायीच चढायचा होता. पुढे नगर, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी. हजार किलोमीटरच्या वर वाट. कुठे पायी, कुठे सोबतीच्या गाड्यांबरोबर. नदीला पूल नाही. रात्री एखाद्या देवळात किंवा धर्मशाळेत पाठ टेकायची, दिवस उगवायच्या आत चालू लागायचे.

आणि पैसा? ही गोष्ट नीट ऐका. तेव्हाचा रुपया चांदीचा होता. एक रुपया म्हणजे एक तोळा वजन. शंभर रुपये मिळाले, की शंभर तोळे चांदी कमरेला बांधायची. आजच्या मापाने ते एक किलोहून जास्त भरते. कापडाचा लांब कसा शिवायचा, त्यात रुपये भरायचे आणि तो धोतराच्या आत कमरेला गुंडाळायचा. चालताना तो काचतो. झोपताना रुततो. वाजू नये म्हणून चिंध्या कोंबाव्या लागतात. लहान मुलासारखा त्याला रात्रंदिवस सांभाळायचा. सावकारांच्या हुंड्या चालत असत, नाही असे नाही. पण त्या पेढीवाल्यांच्या ओळखीच्या माणसाला. टपालाने मनिऑर्डर पाठवायची सोय सरकारने केली ती १८८० साली. विष्णुभटजी घरातून निघाले त्यानंतर तेवीस वर्षांनी.

मनिऑर्डरीवरून माझ्या घरचीच एक गोष्ट आठवली, ती सांगून टाकतो. माझे चुलते मुंबईला गिरणीत होते. महिन्याला मनिऑर्डर यायची. चुलती अंगठा करायची आणि पैसे घ्यायची. मनिऑर्डरीच्या फॉर्माला खाली एक चिठोरा असे. पाठवणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या. चुलती तो चिठोरा कोणाकडून तरी वाचून घ्यायची. वाचणाऱ्याला घाई असायची. "साठ रुपये पाठवलेत, खुशाल आहे," एवढे सांगून तो मोकळा व्हायचा. चुलती ते चिठोरे पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मी चौथीत गेलो तेव्हा एका दुपारी तिने डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "वाच रे बाबा, काय काय लिहिलंय ते." मी वाचत गेलो. एकावर लिहिले होते, "गाय विकू नये. दिवाळीस येतो, पैशांची सोय करतो." गाय विकून तेव्हा दोन वर्षे झाली होती. चुलती काही बोलली नाही. चिठोरे गोळा केले, डबा लावला आणि चुलीपाशी गेली.

असो. आपण भटजींकडे वळू.

पुण्याकडून ते उत्तरेला निघाले. वाटेत महूची छावणी लागली. महू म्हणजे इंदूरजवळचे गाव. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली जेथे झाला, तेच हे महू. तेथे त्यांना इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई भेटले. शिपायांनी त्यांना सांगितले, की काडतुसांवरून पलटणी बिघडल्या आहेत, लवकरच मोठा दंगा होणार. म्हणजे आगीची खबर आधीच कानावर आली. आता पुढे जावे की मागे फिरावे? मागे फिरावे तर हात रिकामे, देणे तसेच. पुढे जावे तर जिवाला धोका. मंडळी, ते दोघे पुढे गेले.

मी हे वाचतो तेव्हा दर वेळी मला त्यांचा राग येतो. आणि लगेच वाटते, की आपण तरी काय केले असते? आपल्या भागातली माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती घरात खर्चून गेलेली असते. एकदा उचल अंगावर चढली, की मागे फिरायची वाट राहत नाही. मग बाई गरोदर असो, पोर तापलेले असो, गाडीत बसावे लागते. कर्जाने निघालेला माणूस चौकातून वळत नाही. म्हणून मी तुमच्यामागे लागतो, की उचल घेतली तर किती घेतली, कोणत्या तारखेला घेतली, हे वहीत स्वतःच्या हाताने लिहा. मुकादमाच्याही वहीतले वाचून पाहा. आकडा दोन्हीकडे एकच आहे ना, एवढे बघा. हिशेबाच्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला तीच वही आहे.

तर पुढे काय झाले? उत्तरेत १८५७ चा वणवा पेटला. यज्ञाची दक्षिणा राहिली बाजूला. फिरत फिरत काका-पुतणे झाशीला पोहोचले. तेथे लक्ष्मीबाई राणीचे राज्य होते. राणीने त्यांना आश्रय दिला. धर्मकृत्यांत त्यांना बोलावणे येई, दक्षिणा मिळे. गाठीला पैसा जमू लागला. राणीचा दिवस कसा जाई, ती घोड्यावर कशी बसे, लोकांचा न्याय कसा करी, हे सगळे भटजींनी जवळून पाहिले.

मग मार्च १८५८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तोफा सुरू झाल्या. एप्रिलच्या आरंभी फौज शहरात शिरली. पुढचे काही दिवस कत्तल आणि लूट. घराघरांत गोरे सोल्जर शिरत, माणसे मारत, जमीन उकरून पैसा शोधत. आपले भटजी घरात दडून बसले होते. सोल्जर तेथेही आले. पैसा दिला, जीव वाचला. तोळ्यातोळ्याने जमवलेली चांदी घटकेत गेली. मी मघाशी कशाचे एवढे वर्णन का केले, ते आता कळले ना? ज्याने तो महिनोन्‌महिने कमरेला वागवला, त्याला तो सोडून देताना काय वाटले असेल!

झाशीहून ते काल्पीच्या वाटेला लागले. पहाटेची वेळ. रस्त्यालगत एक विहीर होती. तेथे काही स्वार आले. त्यांच्यात पठाणी पोशाख केलेले, धुळीने माखलेले, तहानेने कासावीस झालेले एक माणूस होते. भटजी पाहतात, तो ती राणीच! लढाईत पराभव होऊन काल्पीकडे चालली होती. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. राणीने त्यांना काढू दिले नाही. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे तिचे म्हणणे. मातीच्या मडक्याने तिने स्वतः पाणी काढले, ओंजळीने प्याली आणि निघून गेली. काही दिवसांनी, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ ती लढता लढता पडली. राणीला त्या विहिरीवर पाहणारा आणि पाहिलेले मराठीत लिहून ठेवणारा माणूस हा एकच.

पुढची धावपळ मोठी आहे. वाटेत पुन्हा लुटले गेले. संशयाने पकडले जाण्याची भीती रोजचीच. तरीही ते काशीला गेले. गंगेचे पाणी भरून घेतले. कावड खांद्यावर घेतली आणि घरची वाट धरली. अडीच-तीन वर्षांनी वरसईला पोहोचले. कमरेला काही नव्हते. जसे गरीब गेले, तसेच गरीब परत आले. कावड मात्र सुखरूप आली. चोर-सोल्जरांनी सगळे नेले, पण पाण्याला कोण हात लावतो? आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले.

आता पुस्तकाचे सांगतो. या गोष्टीला पंचवीसएक वर्षे झाली. चिंतामण विनायक वैद्य नावाच्या विद्वान गृहस्थांनी भटजींना सांगितले, की हे सगळे लिहून काढा. भटजींनी मोडीत लिहून दिले. पण इंग्रजांचे राज्य होते, छापायची धास्ती होती. ते पुस्तक वैद्यांनी १९०७ साली छापले, तेही काही फेरफार करून. तोवर भटजी हयात नव्हते. मूळ लिहिले होते तसे पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढले. त्याचे नाव 'माझा प्रवास'. भाषा जुनी आहे, एकदम सगळी कळणार नाही. पण विहिरीचा प्रसंग तुम्ही आजही वाचू शकाल.

एक गोष्ट राहिली. आता कुणाच्या कमरेला कसा नसतो. पैसा बँकेत नाहीतर पोस्टात असतो आणि फोनवरून इकडून तिकडे जातो. लूटही तिथेच आली आहे. फोन येतो, "तुम्हांला पैसे पाठवले आहेत, तेवढा पिन टाका." ध्यानात ठेवा, फोनवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. असे फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा नंबर लगेच लावा आणि बँकेतही कळवा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो. हा नंबर आज प्रत्येकाने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायचा आहे. मी येऊन बघणार आहे.

उद्या मी नकाशा आणतो. वरसईवर बोट ठेवायचे आणि पुणे, नगर, महू, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, काशी अशी नावे वाचत वाचत चालायचे. महूपाशी बोट थांबवू. पुढे जावे की मागे फिरावे, ते तिथे एकेकाने सांगायचे. आणि मला वाटते, बायका एक सांगतील आणि पुरुष दुसरे. बघू या.