नोंद पुसण्यापूर्वी

'बँगलोर' हे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदांतून गेले आणि त्या जागी 'बेंगळुरू' आले. आपण मराठी माणसे मात्र अजून बंगळूरच म्हणतो, आणि जुन्या नावाने टाकलेले पत्र टपालवाला परत पाठवीत नाही. यंत्राचे तसे नाही. त्याच्या वहीतील नोंद पुसली, की त्या नावाचे गाव कधी नव्हतेच, असे ते निर्विकारपणे सांगते. या शहरात अशा वह्या सांभाळणे हाच माझा व्यवसाय आहे.

संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. माणसांना नावे लागतात. नावावरून अंक सांगणारी पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिला डीएनएस म्हणतात. तीत सगळ्या जगाची एक वही नसते. ज्याने त्याने आपापल्या नावांची वही ठेवायची असते. आपल्या देशाच्या 'डॉट इन' या नावाची वही कित्येक वर्षे जुहूच्या एका सरकारी केंद्रात होती.

पूर्वी या नोंदी हाताने होत. आता त्या हजारोंनी वाढल्या, तेव्हा ते काम साधनांकडे आले. आपण एका यादीत काय असावे ते लिहायचे आणि साधनाने वही त्या यादीबरहुकूम करायची. यादीत आहे आणि वहीत नाही, ते लिहायचे. वहीत आहे आणि यादीत नाही, ते? पुष्कळ साधनांच्या मते तो कचरा असतो.

मी ज्या कंपनीत होतो तिचे नाव पूर्वी वेगळे होते. जुन्या नावाची एक नोंद कुणीतरी हाताने करून ठेवली होती, आणि तो गृहस्थ नोकरी सोडून गेला होता. नवी यादी तयार करताना ती नोंद आमच्या नजरेतून सुटली. साधनाने ती क्षणात पुसली. दोन दिवसांनी बेळगावहून एका मुलीचा दूरध्वनी आला. "माझा अर्ज परत आला. तुमचे कार्यालय बंद झाले का हो?" नोकरीचे अर्ज अजून त्याच पत्त्यावर येत होते! नोंद तत्काळ परत घातली, तरी काही ठिकाणी पत्रे परत जातच राहिली; कारण 'असे नाव नाही' हे उत्तरही वाटेवरचे संगणक काही काळ लक्षात ठेवतात.

आमची चूक लहान होती. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडे नरक चतुर्दशीची दुपार असताना, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तेथे नोंदी वहीत उतरविणारे कार्यक्रम एकाहून अधिक होते. त्यांपैकी एक रेंगाळला आणि त्याने नव्या नोंदींवर जुन्या नोंदी चढविल्या. त्याच सुमारास दुसरा जुने साफ करू लागला, आणि नुकतेच चालू झालेले ते 'जुने' त्याने पुसून टाकले. एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही. यंत्रांना ते स्वतःहून सावरता येईना. माणसांनी हात घातल्यावर, अडीच तासांहून अधिक काळाने, नोंद परत आली. तिच्यावर अवलंबून असलेली कामे रुळावर यायला आपली रात्र उलटली.

सात-बाराच्या उताऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करायचे झाले, तर तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबतो. मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. आपण या दिरंगाईला नावे ठेवतो. मीही ठेवीत असे.

साधनांनाही थांबायला शिकविता येते. ऑक्टोडीएनएस नावाचे साधन वहीतील तीस टक्क्यांहून अधिक नोंदी एकदम पुसण्याचा प्रसंग आला, तर काम नाकारते. पण आमची एकच नोंद त्या चाळणीतून सहज निसटली असती. टेराफॉर्ममध्ये नोंदीजवळ 'नष्ट करू नये' असे लिहिता येते. गंमत अशी, की हे वाक्य त्याच यादीत असते. यादीतून नोंदीचा सगळा मजकूरच गाळला, तर कुलूपही त्याबरोबर जाते! मला एक्स्टर्नल-डीएनएसची रीत अधिक पटते. ते स्वतः केलेल्या नोंदीशेजारी आपली खूण ठेवते आणि खूण नसलेल्या नोंदीला हात लावीत नाही. शिवाय 'घाल आणि बदल, पण पुसू नको' अशीही आज्ञा त्याला देता येते. अशाने वहीत काही मृत नावे साचतात, हे खरे. ती मी वर्षातून एकदा कागदावर छापून घेतो आणि प्रत्येकापुढे मालक कोण ते विचारीत फिरतो.

बेळगावची ती मुलगी पुढे आमच्याकडेच रुजू झाली. जुन्या नावाच्या नोंदीपुढे मालक म्हणून आता तिचे नाव आहे.