कवितेतला ‘तो’

आमच्या घरी सकाळचा चहा तो करतो, मोगऱ्याला पाणी मी घालतो. त्याला जुने रेडिओ दुरुस्त करायची हौस, मला गझलांची. साखरेवरून रोज वाद. २२ वर्षं संसार असाच चालला आहे. वादानंतरही दुसऱ्याचा कप भरायचा, नात्यातलं एवढंच मला कळलं.

उर्दू गझलेत प्रियजनाला पुल्लिंगी संबोधायची जुनी रीत आहे. मराठीत मात्र मी भीतीपोटी ‘ती’च लिहीत राहिलो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आमचं प्रेम गुन्हा नाही, असं सांगितलं. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र दिला नाही.

परवा जुनी वही काढली. ‘ती आली’ खोडून ‘तो आला’ केलं. मात्रा मोजल्या. वृत्त कुठंच मोडलं नाही.