पाना खाली ठेवा

 गॅरेजमालक आणि मेकॅनिकांच्या कशेळ्यातल्या या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. 

मी धंद्याचा आढावा घ्यावा असं पत्रिकेत छापलंय. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 उत्सर्जन मानक आलं, बहुतेक नव्या मोटरसायकलींतूनही कार्बोरेटर गेला, स्कॅनर नसलेल्यांचे हाल सुरू झाले. हे तुम्ही रोज सोसताय, मी वेगळं काय सांगणार? माझ्या मनात बरीच वर्षं दुसरंच खदखदतंय. कार्बोरेटर गळतोय असं गिऱ्हाईक म्हणालं, की आपण न बघता दुरुस्तीचं किट टाकतो. हे बंद झालं पाहिजे.

कुणी म्हणेल, आता कार्बोरेटर उरलेत कुठे? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, हे खरं. पण जुन्या गाड्या जपणारी माणसं आपल्याच तालुक्यात फार्महाऊस बांधून राहताहेत. खांडसच्या रस्त्याला असंच एकांकडे मला बोलावणं आलं. गाडी एमजीबी, साठच्या दशकातली, दोन एसयू कार्बोरेटरची. दिवसा फिरवली तर थेंब नाही. सकाळी मात्र फरशीवर डाग आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास. शहरात दोनदा किट टाकून झालं होतं.

मी पेटी उघडली नाही. विचारलं, रात्री गाडी कशी लावता? उतारावर, तोंड खाली करून. या गाडीची टाकी मागे असते. मागची बाजू वर गेली की पेट्रोल स्वतःच्या वजनानं पुढे येतं, आणि निडल व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर रात्रभर कार्बोरेटरचा बाउल भरून ओव्हरफ्लो पाइपातून ठिबकत राहतं. गाडी उलटी लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी. दुखणं सापडलं, मग पाना लावला. दोन्ही किटांत नुसती गॅस्केटं होती, झिजलेली निडल आणि सीट तशीच राहिली होती.

सकाळच्या सत्रात इथे गळतीवरून भांडण झालं. एक बाजू म्हणाली सगळा दोष ई-20 चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, दुसरी म्हणाली डुप्लिकेट किटचा. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, बुचाच्या फ्लोटवरचं लाखेचं रोगण विरघळतं, हे मी मान्य करतो. पण गळती कुठून, ते तर बघा! रबर गेलं असेल तर बाउलखालच्या नळीच्या जोडाशी ओल दिसेल. ओव्हरफ्लोमधून येत असेल तर निडल, फ्लोट नाहीतर पंपाचा जादा दाब. नेरळच्या एका पद्मिनीचं गळणं मालक पेट्रोलवरच ढकलत होता. मी पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात बुडवला तेव्हा सोल्डरच्या शिवणीतून बुडबुडे आले. त्यात ना पेट्रोलचा दोष होता ना किटचा.

आयटीआयमधून आलेल्या मुलांनो, ऐका. इंजिन थंड असू द्या, बिडी-काडी लांब ठेवा. कार्बोरेटर पुसून कोरडा करा, जोडांवर खडूची पूड मारा. विजेचा पंप असेल तर इंजिन सुरू न करता फक्त स्विच द्या आणि कान द्या. बाउल भरले की पंपाची टिकटिक थांबायला हवी. थांबली नाही तर पेट्रोल कुठेतरी चाललंय. पूड आधी कुठे भिजते ते बॅटरी मारून बघा. थेंब बोटावर घ्या. पेट्रोल गार लागतं आणि उडून जातं, एसयूच्या डॅशपॉटचं ऑइल बुळबुळीत राहतं.

आणि ओव्हरफ्लो पाइपाला बूच मारणाऱ्यांना मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो, हा गुन्हा आहे. पेट्रोल मग जेटमधून इंजिनात उतरतं, सिलिंडरवरचं तेल धुऊन काढतं, चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. एमजीबीत तर कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्ट तापलेला असतो. अशा गाडीच्या गळतीवर साबण थापून गिऱ्हाइकाला घाटावर पाठवणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही, मग तो कितीही जुना असो.

भोर घाटात पंप तापू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळून मे महिन्यात गाड्या चढवणारी माणसं आपल्यात होती. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, पण कुठे तापतंय, कुठे अडतंय, हे त्यांना हाताला कळायचं. त्यातले बरेच गेले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेलेही आता गॅरेज बंद करताहेत. त्यांना काय ठाऊक होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून या मुलांसाठी आपण एक वर्ग सुरू करू. जुन्या मेकॅनिकांकडून दुखण्यांची वहीही लिहून घ्यायला हवी. जागा आणि वार समितीनं ठरवावा. खोलून बघायला दोन एसयू आणि एक सोलेक्स कार्बोरेटर माझ्याकडून आणतो.