क्रॉफर्डसाहेबाचा हिशेब



आंब्याच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांचे पाय एकदा तरी क्रॉफर्ड मार्केटकडे वळतात. मंडईचे अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई असे आहे. परंतु टॅक्सीवाल्याला आपण सांगतो ते क्रॉफर्ड मार्केटच. ज्याचे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो तो आर्थर क्रॉफर्ड या शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तो एकदा मुंबईत पडला आणि दुसऱ्यांदा पुण्यात. या दोन पतनांची हकीकत आज आपल्यापुढे मांडावी, असा माझा विचार आहे.

क्रॉफर्ड अधिकारावर आला ते १८६५ साल मुंबईच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेची तिजोरी उघडत असे. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, घरोघर दिवाळे वाजले. १८६८ साली ती जुनी बँकही गुंडाळावी लागली. प्रेमचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा त्या दिवसांची आठवण देत उभा आहे.

अशा हात पोळलेल्या शहराच्या म्युनिसिपालिटीसाठी त्याच साली नवा कायदा झाला. कारभाराची सारी सत्ता एका कमिशनरच्या हाती, आणि त्याच्यावर देखरेख कोणाची, तर सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची. हे जस्टिस म्हणजे शहरातले शेटसावकार, व्यापारी आणि साहेबलोक. कर भरणाऱ्या सामान्य माणसाने त्यांना निवडलेले नव्हते, म्हणून त्याला जाब देण्याचे बंधनही त्यांच्यावर नव्हते.

क्रॉफर्डने कामाचा धडाका लावला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तेव्हाचे मुंबई शहर म्हणजे दुर्गंधीचे माहेर. गावातले कत्तलखाने त्याने वांद्र्याला हलवले, रस्ते रुंद केले, गटारांच्या कामाला हात घातला. डॉ. ह्यूलेट यांच्यासारखा आरोग्याधिकारी त्याला लाभला. १८६९ साली मंडई उभी राहिली. तिचा आराखडा विल्यम इमर्सनचा, आणि दारावरची कोरीव शिल्पे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. साथींनी गांजलेल्या चाळीतल्या आईला विचारले असते, तर ती या साहेबाला दुवाच देती.

पण या कर्तबगारीला दुसरी बाजू होती. काम आधी, मंजुरी मागाहून, आणि हिशेब सवडीने, अशी त्याची रीत. खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागला, कर वाढले, म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली. १८७१ साली करदात्यांचा संताप उसळला. जेम्स फोर्ब्स यांनी विरोधकांचे नेतृत्व केले, आणि क्रॉफर्डला खुर्ची सोडावी लागली.

येथवरची कथा नेहमीची झाली. तिला वळण मिळाले ते आपल्या गिरगावाच्या वेशीवर, धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये. २९ नोव्हेंबर १८७१ रोजी सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर तेथे निबंध वाचायला उभा राहिला. त्यांचे नाव फिरोजशहा मेहता. गावाचा सूर क्रॉफर्डविरुद्ध होता. मेहतांनी मात्र क्रॉफर्डची बाजू घेतली. मेहतांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : कारभार एका जबाबदार माणसाच्या हाती असावा, यात चूक नाही. चूक देखरेख करणाऱ्यांची. ज्या जस्टिसांनी डोळे उघडे ठेवायचे तेच स्वस्थ बसले; आणि नेमलेली माणसे यापेक्षा निराळे करणार तरी काय? देखरेख करणारे लोक करदात्यांनी निवडले पाहिजेत.

श्रोत्यांना हे रुचणारे नव्हते. चोर समोर दिसत असताना कुलपाची चिकित्सा कोण ऐकणार? पण कुलूप बदलले. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे ठरले. मताचा हक्क मोजक्याच लोकांना होता, परळ-लालबागच्या गिरणीकामगाराच्या वाट्याला तो येणार नव्हता. तरी पैसे देणाऱ्याने हिशेब मागायचा, हे तत्त्व कायद्यात शिरले. पुढे १८८८ च्या कायद्याने ते आणखी पक्के केले. मेहतांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे तो उगाच नव्हे.

इकडे क्रॉफर्डचे काय झाले? सरकारी नोकरी शाबूत होती. त्याने कोकणात कलेक्टरी केली आणि चढत चढत तो मध्य विभागाचा कमिशनर होऊन पुण्याला आला. पैशाची जुनी खोड कायम होती; डोक्यावर कर्ज होते. मामलेदारांच्या बढत्या आणि बदल्या त्याच्या हाती, आणि हणमंतराव नावाचा मध्यस्थ त्याच्या नावाने पैसे उकळीत होता. १८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे प्रकरण हाती घेतले. साहेब वेषांतर करून पुण्याहून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. जे शहर त्याने झाडून स्वच्छ केले, त्याच शहरात तो पळपुटा म्हणून सापडला!

हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डच्या चौकशीसाठी कमिशन बसले. लाचेचा आरोप शाबीत होत नाही, मात्र आपल्याच हाताखालच्या मुलखातून त्याने कर्जे घेतली हे खरे, असा निर्णय झाला, आणि तो नोकरीतून बडतर्फ झाला. पण खरी होरपळ मामलेदारांची. खरे बोला, तुम्हांला अभय आहे, असे सरकारने त्यांना वचन दिले होते. त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले. मग, लाच देणारे न्यायासनावर कसे, असा विलायतेत गिल्ला झाला आणि कित्येकांची नोकरी गेली. हे वचनभंगाचे पाप आहे, असे टिळकांनी ठणकावून सांगितले. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात त्यासाठी सभा भरली.

आता ही दोन पतने शेजारी शेजारी ठेवून पाहा. मनुष्य तोच, खोड तीच. मुंबईत तो पडला तेव्हा शहराला मत मिळाले. पुण्यात तो पडला तेव्हा त्याला विचारणारी निवडलेली सभा नव्हती. होते ते त्याचे ताबेदार नोकर, आणि सत्याची किंमत त्यांना भरावी लागली. ज्या कारभाराला वरून-खालून कोणी प्रश्न विचारीत नाही, तेथे साहेब उशिरा पडतो, आणि पडताना गरिबाच्या अंगावर पडतो.

हे जुने झाले, असे म्हणून सुटका नाही. ७ मार्च २०२२ रोजी आपल्या महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या एकट्याच्या हाती राहिला. कोणी बेइमान होता, असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे : त्या काळात गल्लीतल्या नळाचा आणि कराचा जाब कोणाला विचारायचा, याची रुखरुख आपल्यापैकी किती जणांना लागली?

शेवटी पुन्हा मंडईकडे वळू. पुण्यात लॉर्ड रे यांच्या नावाची मंडई बांधायचे घाटत होते तेव्हा तेथील म्युनिसिपालिटीत ज्योतीराव फुले यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज रे मार्केटला फुल्यांचे नाव आहे, आणि आपल्या क्रॉफर्ड मार्केटलाही. खर्च करणारा आणि त्याला धरणारा, दोघांचीही नावे पुसून पाटीवर नाव आले ते, हा पैसा कोणाचा आणि कोणासाठी, असे विचारणाऱ्याचे. पुढच्या वेळी आंबे घेऊन बाहेर पडताना ती पाटी एकदा वाचा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.